नोंदवहीतली तीन मुलं

३ नोव्हेंबर २०२५, धुळे

नाही म्हणजे नाही! भाविकाला फोनवर तीनदा सांगितलं. माझ्या भावाची मुलगी, जळगावात वकिली करते, आणि वकिलांना नकार ऐकू येत नाही. आणीबाणीत ज्यांची जबरदस्तीनं नसबंदी केली त्यांची सरकारी समितीपुढे जनसुनावणी भरवते आहे. पन्नास वर्षांनी! "आत्या, जबान्या लिहून घ्यायला तुझ्यासारखं अक्षर कुणाचं नाही." अक्षर कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी पट्टीनं घडवलंय, ते काय असल्या समित्यांसाठी? सरकारला माफी मागायचीय ना, मग मागावी सरळ उभं राहून.

४ नोव्हेंबर

जाते आहे. यादीत असोद्याचा पितांबर आहे.

१६ नोव्हेंबर, जळगाव

लिहूनच टाकते. शहात्तरच्या ऑगस्टमध्ये पितांबरशी माझा साखरपुडा झाला. नोव्हेंबरात त्याला बसस्टँडवरून उचलून नसबंदीच्या शिबिरात नेलं. सव्वीस वर्षांचा, अविवाहित! डिसेंबरात माझ्या वडिलांनी, अण्णांनी, त्यांचं साडी-नारळ परत पाठवलं. मी सरकारला यथेच्छ शिव्या घातल्या. अण्णांना मात्र एक शब्द बोलले नाही. मग धुळ्याला शाळेत लागले, लग्न केलं नाही, आणि सगळा दोष दिल्लीवर टाकून निवांत राहिले.

आज तो समोर. पंचाहत्तर वर्षांचा, ताठ, अजून बिनलग्नाचा. सुनावणीला येताना केळीची अख्खी फणी घेऊन आला! "खा मॅडम. लिहू लिहू थकसान." मॅडम! मला!

भाविकानं माहितीच्या अधिकारात शिबिराच्या नोंदवहीचं पान मिळवलंय. पितांबरच्या नावापुढे 'विवाहित, मुले तीन'. तीन मुलं असल्याशिवाय त्या शिबिरात केस धरतच नसत, म्हणून ठोकून दिलेलं. तो उठला आणि समितीच्या अधिकाऱ्याला म्हणाला, "साहेब, मले पैसा नको. माहे तीन पोरं कुठी हायेत तेव्हडं सांगा. पन्नास वर्सं झाली, एकानं बी तोंड नई दाखोलं!" सभागृह हसून हसून लोळलं. अधिकारीही. मग तो शांतपणे म्हणाला, "माहा कागद खरा करा. बस." तेव्हा कुणी हसलं नाही.

१७ नोव्हेंबर



उखर्डू मास्तर आले. असोद्याच्या शाळेतले, आता एकोणनव्वद, नातवाच्या खांद्यावर हात टाकून. स्वतःहून आले. त्या काळी मास्तरांना नसबंदीच्या केसेसचा कोटा होता. त्यांना एक कमी पडत होती. "पितांबर माहाच इद्यार्थी. मीच दाखोला पोलिसाले." फॉर्ममध्ये बायकोचं नाव हवं होतं. मास्तर आमच्या साखरपुड्याला जेवून गेलेले. आठवलं ते नाव लिहून दिलं.

मोहिनी.

जबानी मीच लिहीत होते. स्वतःचं नाव स्वतःच्या अक्षरात लिहिलं आणि पेन खाली ठेवलं.

पितांबरला ठाऊक होतं! शिबिराचा दाखला, त्यावर हेच नाव, त्याच्याकडे तेव्हापासून आहे. "म्हनूनच त खोडा म्हनतो. त्या बाईले उगाच कायले अडकवलं?"

लिहिणारीनं बोलायचं नसतं. मी उठले. म्हटलं, नारळ परत गेला तेव्हा मी घरातच होते. तुम्हाला एकदा भेटायला यायला हवं होतं. आले नाही. ते दिल्लीनं केलं नाही, मी केलं. माफ करा.

त्यानं केळ्यांची फणी माझ्यापुढे सरकवली. मग म्हणाला, "अवं, मंग केळं त खा!"

खाल्लं. दोन खाल्ली.

आणि मास्तरांना? त्यांना त्यानं आधी नमस्कार केला. मग म्हणाला, "मास्तर, माफ नई करत. पन तुम्ही आले, हे इसरनार नई." मला हे जमलं नसतं.

२९ डिसेंबर, धुळे

जिंकलो! नोंद दुरुस्त होणार, आणि माफीचं पत्र असोद्याच्या ग्रामपंचायतीत जाहीर वाचणार. पण फॉर्ममधला 'पत्नी' हा रकाना खोडायला त्या पत्नीची समक्ष सही हवी म्हणे! नसलेल्या बायकोची सही! असली डोकी कुठे घडवतात? फोनवर मी तणतणत होते आणि भाविका खिदळत होती.

४ जानेवारी २०२६

पितांबरचा रोज फोन. "सही कराले येशील न?" येते म्हटलं, पहिल्याच दिवशी. तरी रोज विचारतो. 'मॅडम' कधी गळालं कळलं नाही.

१२ जानेवारी, असोदा

अधिकाऱ्यानं उभं राहून पत्र वाचलं. 'शासन आपली क्षमा मागते.' पितांबरनं पुन्हा वाचायला लावलं. "मांगच्याइले ऐकू नई आलं!" मागच्यांना सगळं ऐकू आलं होतं. त्याची बहीण बेबाबाई रडली, डोळे पुसले आणि अख्ख्या गावाला भरीत-पुरी वाढायला उठली. माझ्या पानात दोनदा. "खाय वं, वाळून गेली धुयाले राहू राहू."

१३ जानेवारी, जळगाव

'मुले तीन' खोडलं, त्याखाली सही केली. 'पत्नी'च्या रकान्याशी थांबले. कारकुनाला म्हटलं, "हे राहू द्या."

"मॅडम, पण ते खरं नाही ना?"

"विवाह नोंदणी कितव्या मजल्यावर आहे?"

"दुसऱ्या."

पितांबर तोवर दारात. "चाल लवकर, जेवाची सुट्टी व्हईन त्याइची!"