लांगीबाईंनी उचललेली चटई

प्रिय आई,
प्रभूची शांती तुझ्या दारी असो. आम्ही बरे आहोत, जेवतोही आहोत. तुझी कंबर कशी आहे?

तुझ्या बेटापर्यंत बातमी आलीच असेल. तुझ्या जावयाच्या, इओसेफोच्या ट्रकखाली सापडून लांगीबाईंचा मुलगा गेला. काल पहाटे आपल्या रीतीप्रमाणे इओसेफो त्यांच्या अंगणात गुडघे टेकून बसला, तू विणून लग्नात दिलेली चटई डोक्यावरून पांघरून. मीही त्याच्याशेजारी चटईखाली शिरले. तुला माहीतच आहे, त्या घरानं चटई उचलली तर माफी, नाहीतर कोयता.

ऊन चढलं. घरातून रडणं ऐकू येत होतं. इओसेफो पुटपुटला, "कुठल्या तोंडानं मागू गं?" मलाही प्रार्थना सुचेना.

मग चटई वर गेली. एवढा उजेड मी कधी पाहिला नव्हता, आई. समोर लांगीबाई स्वतः, डोळे सुजलेले. त्यांनी इओसेफोचा हात धरला. "ऊठ रे. आत चल, कोको निवतोय."

इतकी वर्षं चर्चमध्ये कृपा, कृपा ऐकत आले. तिचा हात असा खरबरीत असेल, असं कधी वाटलं नव्हतं.

चटई त्यांनी ठेवून घेतली. निघताना म्हणाल्या, "एका कडेची वीण सैल आहे. तुझ्या आईला सांग, इथं येऊन घट्ट करून जा म्हणावं."

येशील ना?

तुझी लेक,
फेतुई