जावयाने मला शब्दाचा अर्थ शिकवला

प्रिय एकहार्टदादा,

सप्रेम नमस्कार. ब्रेमेनच्या दमट हवेत तुझे गुडघे कसे आहेत? वहिनीने पाठवलेले मासे पोचले, चव छान होती (मीठ जरा जास्त, पण तिला सांगू नकोस). मी ठणठणीत आहे. संतापाने माणूस मरत नाही, एवढं या आठवड्यात कळलं.

आपल्या एल्फीचं ठरलेलं लग्न मोडलं. तो वोल्कमार, ग्योटिंगेनला शब्दकोशाच्या कचेरीत वर्षानुवर्षं पाचव्या अक्षराच्या शब्दांवर बसलेला, रविवारी कॉफीला आला. माझा आलूबुखाऱ्याचा केक दोनदा घेतला (क्रीमसकट!), तोंड पुसलं आणि म्हणाला, की त्याला सहाव्या अक्षरावर काम करणाऱ्या कुणा बाईशी लग्न करायचंय. एल्फी पांढरीफटक पडली. एवढंच म्हणाली, "वोल्कमार, तू माझी फार निराशा केलीस." दादा, माणूस अशा वेळी मान खाली घालतो की नाही? याचे डोळे चमकले! निराश करणे, म्हणजे 'एंटटॉयशेन', हा म्हणे त्याच्याच अक्षरातला शब्द. 'टॉयशेन' म्हणजे फसवणे आणि 'एंट' म्हणजे ते काढून टाकणे. फ्रेंच शब्दाऐवजी बनवलेला, मूळ अर्थ भ्रमातून सोडवणे. "म्हणजे बघ एल्फी, मी तुला सोडवलंय."

"मग तिने तुझे आभार मानायचे?" मी विचारलं.

"शब्दाच्या मुळाशी गेलं तर, हो, काकू."

काकू! आदल्या रविवारपर्यंत मी आई होते!

एवढ्यावर थांबला असता तर मीही थांबले असते. पण विद्वान माणसाला एकदा उतार लागला की तो थांबतो कुठे? या 'टॉयशेन'चा जुना संबंध घोड्यांच्या दलालांशी, असं तो माझ्या घरात बसून सांगायला लागला. आपल्या बाबांनी जन्मभर घोडे विकले आणि एकाही लंगड्या घोड्याला धडधाकट म्हटलं नाही. मी कॉफीची किटली उचलली. ओतणार होते, कुठे ते सांगत नाही. पण एल्फीने माझा हात धरला आणि शांतपणे त्याला विचारलं, "ज्याने फसवलं तोच सोडवायला आला, तर त्याला काय म्हणतात रे तुमच्यात?" तो म्हणाला, कोशात बघून सांगतो. मी त्याची टोपी अंगणात भिरकावली. तोही मागोमाग गेला.

वहिनीला नमस्कार, मुलांना पापा.

तुझी,
ट्राउडे

ता. क. चर्चची तारीख रद्द केली. लग्नाच्या जेवणाचे हंस मात्र खाटकाने आधीच कापून ठेवलेत. नाताळला या, नाहीतर एवढे मी एकटी कशी खाणार?

ता. क. २ : एल्फी उद्याच्या गाडीने तुझ्याकडे येतेय. तिला तुमच्या बंदरात नोकरी लावून दे, आणि तिला समजवायला बसू नकोस. ती रडत नाही, शीळ घालत पेटी भरतेय. रडतेय मी. दादा, मला तो मुलगा फार आवडला होता रे.