सगळीकडे सारखे पॉइंट

मंगळवार, ११ नोव्हेंबर
लेक नोकरीसाठी परगावी गेल्यापासून फोनवर ‘हो’, ‘नाही’, ‘जेवले’ एवढंच बोलते. ऑनलाइन गेमच्या टीमशी मात्र रोज भरपूर गप्पा. टीममध्ये एक जागा रिकामी आहे. मी मागितली. म्हणाली, बाबा, रविवारच्या मॅचपर्यंत ट्रायल. रास्त आहे.

बुधवार, १२ नोव्हेंबर
गेम उघडताच विचारणा: क्लास निवडा. योद्धा, वैद्य, जादूगार की तिरंदाज? माणसाला असं एका खणात कोंबणं मला तत्त्वतः मान्य नाही. सुदैवाने तळाशी ‘क्लासविना’ असाही पर्याय होता. सगळ्या कौशल्यांना सारखे पॉइंट दिले. एक उरला. कुणालाही दिला तरी पक्षपात. तसाच ठेवला.

गुरुवार, १३ नोव्हेंबर
पहिल्याच राक्षसाने मारलं. माझ्या मंत्राने त्याला फक्त शिंक आली. टीममधली वैद्य, म्हणजे लेकीची रूममेट, विचारत होती की काका, तुम्ही नक्की करता काय? म्हटलं, परिस्थिती पाहून ठरवतो. म्हणाली, तुमचं पाहून होईस्तोवर आमचा खेळ आटोपतो. मुलगी तोंडाळ आहे.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर
लेकीने समजावलं. क्लास म्हणजे आपण काय करणार नाही हे आधीच सांगून टाकणं. मग बाकीच्यांना कळतं, कुठे उभं राहायचं. तिला पुढे उभा राहणारा योद्धा हवाय. पटण्यासारखं आहे. पण मी एकाच कामात अडकलो तर टीमचंच नुकसान नाही का?
हिला विचारलं. ही म्हणाली, घरात तरी वेगळं काय? नळ अर्धा खोलून ठेवलायस, कपाट अर्धं रंगवलंयस. विषयांतर.

रविवार, १६ नोव्हेंबर, सकाळ
संकल्प: आज योद्धा निवडणार. पण तो टीमसाठी, की मिरवायला? वैद्य झालो तर ती करुणा, की कौतुकाची हाव? तिरंदाज: लांबून मारणं जरा भ्याडपणाचंच. जेवल्यावर शांतपणे ठरवू.

संध्याकाळ, ५.५०
मॅच सहाला. जवळपास ठरलंय.

७.३०
ही ओले हात पुसत आली, म्हणाली सरक, ‘योद्धा’वर क्लिक केलं आणि खुर्चीत बसली. कोणतं बटण कशाचं, हे मॅच सुरू झाल्यावर विचारलं. पुढे उभी राहून मार खात राहिली, बाकीच्यांनी मागून काम उरकलं. जिंकले. नवख्याचं नशीब.
मलाही पद मिळालंय: प्रेक्षक. जबाबदारीचं आहे, संपूर्ण चित्र एकट्या मलाच दिसतं. स्वयंपाकघरात बसून मोबाइलवर पाहतोय. मायलेकींच्या गप्पा अजून चालू आहेत. लेक तिच्या साहेबाची नक्कल करतेय. तिला नक्कल येते, हे मला ठाऊकच नव्हतं. मीही एक विनोद सांगितला, चांगला होता. कुणीच हसलं नाही. पुन्हा सांगितला.
मग दिसलं. प्रेक्षकांचा माइक बंद असतो.