परत पाठवायचा कोट

१० सप्टेंबर, बुधवार

कोट अडकला! ऑफिसात पाय ठेवते न ठेवते तोच रविकिरणचा फोन. हा आमचा क्लिअरिंग एजंट, विमानतळाच्या कार्गोतून आमची पार्सलं सोडवतो. म्हणाला, "मॅडम, बिलावर किंमत शून्य लिहिलीय. ऑफिसर विचारतात, शून्य रुपयाला लोकरीचा कोट कुठं मिळतो? मीही घेतो एक."

आमचा माल घेणाऱ्या कंपनीतल्या बिर्गिटला हजारदा सांगून झालंय. फुकट पाठवा, बक्षीस पाठवा, कस्टम्सला किंमत लागते. नमुना असला तरी लागते. ती डेन्मार्कात बसून दर वेळी तेच लिहिते – विक्रीसाठी नाही, सबब किंमत नाही. तिच्या जागी तिचं बरोबरच आहे म्हणा.

एरवी एवढं रामायण होत नाही. कपड्याचा नमुना आणायचा सोपा रस्ता म्हणजे तो तिकडूनच कापून मागवायचा. दिसेल अशा जागी कात्रीचा चांगला लांब काप, नाहीतर न पुसणाऱ्या शाईनं मोठ्ठं 'नमुना'. हा माल कोणी विकू शकणार नाही हे दिसलं की सुटतो. आमच्या सॅम्पल रूममध्ये असे पाठीत भोसकलेले शर्ट रांगेनं टांगलेत. पण लोकरी कोट आमच्या युनिटात यंदा पहिल्यांदाच होणार, आणि आमचे मास्टर हटून बसले – कापलेल्या कोटाचा खांदा कसा पडतो ते मला कळणार नाही, अख्खा पाहिजे! म्हणून अख्खा मागवला. अख्खा आणायचा तर ड्यूटी भरा, नाहीतर लिहून द्या की काम झालं की जसाच्या तसा परत जाईल. मंजुनाथ सरांनी दुसरा रस्ता धरला. फॅक्टरी त्यांची, सही माझी.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

सुटला एकदाचा. बिर्गिटनं किमतीचं नवं बिल पाठवलं, कार्गोत कस्टम्सनं कोटाचे सगळीकडून फोटो काढले – पुढून, मागून, कॉलर, अस्तर, बटणं. परत जाताना ह्याच फोटोंशी ताडून बघणार.

कोट मात्र काय सुंदर आहे! सायीच्या रंगाचा, गुडघ्यापर्यंत. मास्टरांनी तो बाहुलीला घातला आणि बराच वेळ नुसतेच भोवती फिरत राहिले. मग म्हणाले, "सरी." त्यांच्या तोंडून 'ठीक' एवढं निघालं म्हणजे पुष्कळ झालं.

बिर्गिटच्या बिलाबरोबर आणखी एक मेल होतीच. 'आश्लेषा, आरहूसच्या जागेचं काय ठरलं? दहा ऑक्टोबरपर्यंत कळव.' तिकडे डेन्मार्कात, तिच्या ऑफिसात दोन वर्षं. भारतातल्या सगळ्या युनिटांचं काम तिथून बघायचं. हे मंजुनाथ सरांना माहीत आहे, भावाला, हर्षला माहीत आहे. आईला नाही. आईला काय सांगू? एकाहत्तर वर्षं, दोन्ही गुडघे दुखरे, अण्णा जाऊन चार वर्षं झाली आणि घरात आम्ही दोघीच. बोम्मसंद्र्याची नोकरी म्हणून तिला जुन्या बेंगळुरातल्या कॉटनपेटेतून उपटून ह्या इलेक्ट्रॉनिक सिटीच्या फ्लॅटात आणली, तेवढ्यानंच माझं मन मला खातं.

उद्या यशवंतपूरला घाऊक व्यापाऱ्याकडे लोकर जुळवायला जायचंय, म्हणून कोट घरीच आणलाय. खुर्चीच्या पाठीला घालून ठेवलाय.

१३ सप्टेंबर, शनिवार

काय लिहू! सकाळी बाहेर आले तर आई कोटापुढे उभी. बोटाला हळद. कॉलरच्या आतल्या बाजूला हळदीचा ठिपका आणि त्यावर कुंकू!

"नवा कपडा तसाच घालतात काय ग?" वर मलाच.

आमच्याकडे कुठलाही नवा कपडा हळद-कुंकवाचं बोट लागल्याशिवाय अंगाला लागत नाही. माझ्या शाळेच्या युनिफॉर्मला लागलं, अण्णांच्या बनियनला लागलं, मागच्या वर्षी माझ्या जिमच्या पँटलासुद्धा लागलं. तेव्हा मी हसले होते. आज ओरडले. "आई, हा माझा नाही! हा परत जायचाय!"

"परत? कुठं?"

"डेन्मार्कला!"

"आणि तू?"

"मी काय? मी सही केलीय ना, मीच अडकणार!"

आईनं बोट पदराला पुसलं आणि आत गेली. तिचं तोंड एवढंसं झालं होतं. मी फार मोठ्यानं ओरडले. पण कोणीतरी मलाही विचारा की!

यशवंतपूरला कॉलर आत दुमडून कोट दाखवला. त्या वजनाची लोकर मिळाली नाही. मेट्रोत दोन्ही वेळा उभ्यानं.

१४ सप्टेंबर, रविवार

उन्हात हळद उडते हे आईनंच सांगितलं. दिवसभर कॉलर उलटी करून कोट बाल्कनीत. हळद उडाली, निम्मी. कुंकू तसंच. शेजारच्या बाल्कनीतून श्वेता – नागपूरची, आयटीतली, आईशी तिची भारी गट्टी – म्हणाली, "ताई, वुलन कोट? बँगलोरमध्ये? कुठे निघालात काय?" मी म्हटलं, कुठे नाही. आई आत भांडी लावत होती, भांड्यांचा आवाज थांबला.

१६ सप्टेंबर, मंगळवार

मंजुनाथ सरांना सांगितलं. मला वाटलं, आता भडकणार. ते कॉलर बघत राहिले आणि म्हणाले, "माझी आई पण असंच करायची." मग भानावर येऊन म्हणाले, "पण मॅडम, पुढच्या वेळी कस्टम्सकडून एक तरी नमुना अख्खा सुटेल का आपल्याला? ते म्हणणार, हे फॅक्टरीवाले जसाच्या तसा म्हणतात आणि वापरून परत देतात."

खरी भीती तीच आहे. कोट ओळखू येईल, पण 'जसाच्या तसा' राहिला नाही.

रविकिरणचा सल्ला ऐका. "मॅडम, कापून टाका ना! काप मारला की तो कापलेला नमुना. मग परत पाठवायचं टेन्शनच नाही, मी अर्ज करतो." म्हणजे एक ठिपका पडला तर पंचाईत, आणि टराटरा फाडला तर नियमात! मी तासभर हसत होते. मग लक्षात आलं, तो गंभीरपणे सांगत होता. पण बिर्गिटकडे हा एकच तयार कोट आहे. आणि खरं सांगू का, असा कोट माझ्या हातून कापवणार नाही.

१७ सप्टेंबर, बुधवार

बिर्गिटला सगळं खरं लिहिलं. हळद म्हणजे काय, कुंकू म्हणजे काय, नव्या कपड्याला का लावतात. 'का लावतात' पाशी अडले. शेवटी लिहिलं – घालणाऱ्याचं बरं व्हावं म्हणून.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

उत्तर आलं. डाग काढायचा प्रयत्न करू नका, अस्तर खराब होईल, राहू दे, आमची हरकत नाही असं पत्र जोडलंय. खाली विचारलंय, 'तुझ्या आईनं कोट अंगात घालून पाहिला का? तिला कसा वाटला?'

हे मी आईला विचारलंच नव्हतं. जेवताना विचारलं. म्हणाली, "जड आहे. पण ऊब आहे हं. बाह्या मला लांब होतात." म्हणजे घालून पाहिला! मला न सांगता!

२३ सप्टेंबर, मंगळवार

मास्टरांचं काम झालं, म्हणून कोट परत द्यायला आज रविकिरणबरोबर कार्गोला. इलेक्ट्रॉनिक सिटीतून विमानतळ म्हणजे अख्खं बेंगळूर आडवं कापायचं. सही माझी, तेव्हा डागाचा खुलासाही मीच द्यायचा.

ऑफिसर बाई माझ्याच वयाच्या. एकेक फोटो काढून कोटाशी लावून बघितला. बटणं मोजली. कॉलर उलटली. "हे काय?"

मी कन्नडात सांगितलं, अरिशिन-कुंकुम. चुकून लागलं. घरी आई आहे.

त्यांनी अंगठ्यानं ठिपका चोळून पाहिला. "होसदु, अल्वा?" नवा होता ना, म्हणून विचारत होत्या. मग कागदावर लिहिलं – कॉलरला आतून किरकोळ डाग, वस्तू तीच. बिर्गिटचं पत्र जोडून घेतलं. वर चांगलं सुनावलं, की अशी वस्तू फॅक्टरीतून घरी न्यायचीच कशाला. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. त्यांचं बरोबरच होतं.

येताना टॅक्सीत झोप लागली.

२४ सप्टेंबर, बुधवार

कोट गेला.

१ ऑक्टोबर, बुधवार

आयुधपूजा. शिलाईची सगळी मशिनं, इस्त्र्या, मास्टरांच्या कात्र्या – सगळ्यांना हळद-कुंकू आणि झेंडूच्या माळा. सॅम्पल रूमला मी आधीच कुलूप घातलं. पोरी हसत होत्या, "अक्का, कोटाची भीती गेली नाही?" युनिटभर झालंय.

प्रसाद देताना मंजुनाथ सर म्हणाले, "होगी बन्नी, मॅडम. जाऊन या. दोन वर्षांचं काय एवढं! तुमची खुर्ची मी ठेवतो." डोळ्यांत पाणी आलं माझ्या. मला जायचंय. हे इथं तरी लिहून ठेवते – मला जायचंय. एवढी वर्षं दुसऱ्यांचे कपडे विमानात चढवले, आता मला चढायचंय.

घरी आले तर आई सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेली. म्हणाली, "काय ग, काही सांगायचंय काय?" मी म्हटलं, नाही, दमलेय.

५ ऑक्टोबर, रविवार

हर्षचा पुण्याहून फोन. "तू जा ग, आईला मी आणतो." भाऊ चांगला आहे माझा. पण मागच्या वेळी आई पुण्याला गेली ती आठ दिवसांत परत. तिथं बोलायला कोणी नाही म्हणाली. पुण्यात! मराठी बोलायला! इथं ती भाजीवाल्याशी कन्नडात भांडते, वॉचमनशी तेलुगूत, श्वेताशी मराठीत, आणि तेवढ्यावर तिचा दिवस जातो. ते सगळं सोडवून दोन वर्षं तिला कुठं ठेवू? आणि इथं एकटी ठेवू? बाथरूममध्ये पाय घसरला तर?

विचारायचं तर ती 'जा' म्हणणार. तोंड एवढंसं करून 'जा' म्हणणार. ते मला बघवणार नाही, म्हणून विचारत नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

नाही म्हणून कळवलं.

तीन ओळींची मेल. घरची जबाबदारी, खूप आभार, दुसऱ्या कोणाला तरी बघा. पाठवल्यावर बरं वाटलं. चांगली मुलगी असल्यासारखं वाटलं, आणि मग त्या बरं वाटण्याचाच संताप आला. ऑफिसच्या बाथरूममध्ये नळ सोडून रडले. मास्टरांनी विचारलं, डोळ्याला काय झालं? लोकरीची अॅलर्जी म्हणून सांगितलं.

रात्री आईनं बिसीबेळे भात केला होता. दोनदा वाढून घेतला. ती माझ्याकडे बघत होती. मी मोबाइलमध्ये तोंड घातलं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी बेल. दारात पोलीस! कोट – दुसरं काही सुचलंच नाही. सही माझी!

तो हातातला कागद बघून म्हणाला, "पद्मजा यारु?" पद्मजा कोण? आईचं नाव!

आई आतून आली. चांगली साडी नेसलेली, केस विंचरलेले. तिच्या मागोमाग शेजारून श्वेता, साक्षीदार म्हणून.

पासपोर्टची चौकशी. आईचा पासपोर्ट! श्वेतानं फॉर्म भरला, तिनंच रजा काढून आईला पासपोर्ट ऑफिसात नेलं. कोट घरी आला त्याच्या पुढच्याच आठवड्यात. पोलिसानं विचारलं, कुठे जाणार अज्जी? आई म्हणाली, "डेन्मार्क. मगळ मने." मुलीच्या घरी!

पोलीस गेल्यावर मी आईला विचारलं, तुला कोणी सांगितलं? म्हणाली, "टेलिफोन ऑफिसात अख्खी नोकरी केली मी, घरातला फोन ऐकू येणार नाही काय? दोन वर्षं तिथं काढायला मला नाही जमायचं. उन्हाळ्यात येते, तीन महिने राहते. बाकीचे दिवस श्वेता आहे, हर्ष आहे. तू सांगशील म्हणून वाट बघितली. तुझं तोंड उघडेना, मग म्हटलं आपलं आपण सुरू करावं."

"मला विचारायचं तरी, आई!"

"तू विचारलंस?"

कालच्या मेलचं तिला अजून सांगितलेलं नाही. आज दहा तारीख, कळवायचा शेवटचा दिवस. बिर्गिटला फोन लावलाय, वाजतोय.