समुद्रकाठच्या सायकल शर्यतीसाठी पंख्यावरून मुक्तता मिळणेबाबत

प्रति,
मा. कार्यालय अधीक्षक,
जलमापक वाचन व तपासणी कार्यालय.

विषय: थंडीतील सायकल सराव व शर्यतीसाठी उबदार गावी जाण्यास रजा मिळणेबाबत.

संदर्भ: १) माझे याच विषयावरील यापूर्वीचे अर्ज.
२) त्यांवरील आपले शेरे: 'थंडी ओसरल्यावर पाहू' आणि 'कार्यभार कोणाकडे?'

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करते की, मी आपल्या कार्यालयात जलमापक वाचक असून एरवी कार्यालयीन सायकलवरून घरोघर फिरून पाण्याचे मीटर वाचते. थंडीत रस्त्यांवर बर्फ साचतो, मीटर गोठतात आणि आम्हां फिरत्या कर्मचाऱ्यांना आत बसवण्यात येते. येथवर माझी काही तक्रार नाही.

१. आपणांस विदित आहेच की, तळघरातील बॉयलरची गरम हवा वर ढकलणाऱ्या पंख्याची मोटर यंदा थंडी सुरू होताच जळाली. नवी मागवण्यात आली, ती अजून पोचली नाही असे आपण सांगता. दरम्यान आपल्या मेकॅनिककाकांनी माझी कार्यालयीन सायकल स्टँडवर चढवली, तिच्या मागच्या चाकाचा पट्टा पंख्याला जोडला आणि म्हणाले, "ताई, दोन दिवस मारा पायडल. तुमचाही सराव होईल." मी हौसेने हो म्हटले. याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात, हे माझ्या आईने त्याच संध्याकाळी निदर्शनास आणून दिले.

२. तेव्हापासून सदर पंखा मीच आहे. मी खाली पायडल मारते आणि वर सर्वजण स्वेटर काढून बसतात. टंकलेखिकाबाईंची बोटे गारठली की जिन्यातून हाक येते, "अगं भिंगरी, झोपलीस का?" रोखपालसाहेबांना उकडले की निरोप येतो, "जरा बेताने घे म्हणावं." हे दोन्ही एकाच वेळी येतात, तेव्हा नेमके कोणत्या पायाने कोणाचे ऐकावे याबाबत मार्गदर्शन व्हावे.

३. आता मूळ मुद्दा. दक्षिणेला समुद्रकाठी एक गाव आहे. तेथे भर थंडीतही रस्ते कोरडे असतात व माणसे बाह्या दुमडून फिरतात. तेथे सराव शिबिर असून शेवटी स्त्रियांची सांघिक शर्यत आहे. संघ तिघींचा असतो. एक जरी कमी पडली तरी उरलेल्या दोघींना उभे करत नाहीत. आमच्या संघात मी, कोपऱ्यावरची पाववाली आणि दातांच्या डॉक्टरांकडची मदतनीस. आम्ही तिघी पहिल्यांदाच शर्यतीत उतरत आहोत आणि आनंदाने वेड्या झालो आहोत. पाववालीने भट्टीचा कार्यभार सासूबाईंकडे दिला असून त्या म्हणाल्या, "जा बाई एकदाची, नाहीतर पावाऐवजी चाकं भाजशील." मदतनीस तर पेशंटला "आ करा" म्हणायच्या ऐवजी "गिअर टाका" म्हणाली. माझी स्वतःची शर्यतीची सायकल खोक्यात बांधून दाराशी ठेवली आहे व ती ओलांडल्याशिवाय घरात कोणाला स्वयंपाकघरात जाता येत नाही.

४. "सराव इथेही होतोच की," असा आपला तोंडी अभिप्राय आहे. त्यावर नम्र निवेदन असे की, पंखा जागचा हलत नाही. माझे पाय लोखंडासारखे झाले आहेत, परंतु मी वळायला विसरले आहे. गेल्या रविवारी मुख्य रस्त्यावरचा बर्फ काढला म्हणून, खोक्यात बांधण्यापूर्वी, माझी शर्यतीची सायकल बाहेर काढली, तर नाक्यावर वळायचे मला सुचलेच नाही व मी थेट न्हाव्याच्या दुकानात शिरले. गृहस्थ भला. कात्री न थांबवता म्हणाला, "बसा, तुमचा नंबर आहे." घाण्याच्या बैलालासुद्धा निदान गोल फिरायला मिळते, असे आईचे म्हणणे पडले.

५. रजेवर जाणाऱ्याने आपला कार्यभार कोणाकडे तरी सोपवूनच जावे, हा कार्यालयाचा प्रघात मला मान्य आहे. त्यानुसार सर्वांना सायकलवर बसवून पाहिले. रोखपालसाहेब बसल्या बसल्या घोरू लागले. टंकलेखिकाबाई कादंबरी वाचत पायडल मारतात व कथानक रंगले की थांबतात, त्यामुळे कंटाळवाण्या प्रकरणांपुरतीच ऊब मिळते. मेकॅनिककाका म्हणाले, "माझे गुडघे वाजतात, पंख्यापेक्षा जास्त." मी हातपाय गाळून बसले होते.

६. अशातच एक बाब लक्षात आली. मी डबा खाऊन परत खाली येते, तेव्हा सायकलची सीट चार बोटे खाली गेलेली असते. सीट केसभर हलली तरी सायकल चालवणाऱ्याला ते बसताच कळते. प्रथम मी उंदरांवर संशय घेतला, पण उंदीर पाना वापरत नाहीत. शिवाय जेवणाच्या सुटीत मी वर असतानाही ऊब कमी होत नाही, उलट वाढते आणि हवेच्या झरोक्यांतून शीळ ऐकू येते. जेवायला सर्वजण एका टेबलावर असतात. 'महत्त्वाचे काम' म्हणून दार लावून घेणारे आपण एकटेच. काल पायडलपाशी कागदाचा मोठा चिमटा सापडला. विजारीचा पाय साखळीत जाऊ नये म्हणून तो लावतात, हे मला ठाऊक आहे.

७. महोदय, हे वाचून कृपया संकोचू नये. मला फार फार आनंद झाला. आपण माझ्यापेक्षा जोरात चालवता, आणि शीळही सुरात असते. म्हणून प्रघातानुसार मी माझा कार्यभार आपल्याकडेच सोपवत आहे. सीट चार बोटे खाली करून, घट्ट करून ठेवली आहे. घंटी तेवढी वाजवू नये, वर ऐकू जाते.

८. एक शेवटची बाब. मागचा अर्ज द्यायला दालनात आले, तेव्हा आपल्या कपाटामागे, ओव्हरकोटाखाली, एक खोके दिसले. त्यावर पंख्याच्या मोटरचे चित्र आहे. मी गेले की मेकॅनिककाका मोटरची चौकशी करतील, पट्टा काढतील आणि सायकल स्टँडवरून उतरेल, ही आपली धास्ती आता माझ्या ध्यानात आली. त्याबद्दल मी कोणापाशी अवाक्षर काढलेले नाही व काढणार नाही.

तरी विनंती की, मोटर आहे तिथेच राहू द्यावी आणि मला जाऊ द्यावे.

आपली नम्र व तूर्त घामाघूम,
(सही)
जलमापक वाचक ऊर्फ भिंगरी

दिनांक: आजचाच, कारण गाडी उद्या सकाळची आहे.

सोबत:
१) चिमटा.
२) घाम पुसण्यासाठी टॉवेल, धुतलेला.
३) त्याच गावच्या, पन्नाशीपुढील पुरुषांच्या शर्यतीची कोरी प्रवेशपत्रिका, पुढच्या थंडीसाठी. त्या वेळी कार्यभार मी घेईन.