तळटीपबाईचा मुखवटा

दि. ४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. (साष्टांग मनातल्या मनात घातला आहे असं समज, गुडघ्याची कुरकुर चालू आहे.)

“एकटीनंच हसतेस होय? वाटून घे, लबाड!” हे तू म्हणालीस तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि जेवणाच्या टेबलाखाली पुस्तक घेऊन बसले होते. तू वाकून पुस्तक ओढलंस, पान वाचलंस आणि अशी हसलीस की बाबा अर्धी दाढी तशीच ठेवून बघायला आले. मग त्यांना वाचून दाखवावं लागलं, मग आईला. तो विनोद काय होता ते आता मला आठवत नाही. बाबांच्या गालावरचा साबण मात्र आठवतो.

आज ते वाक्य आठवायला कारण झालं. गेली दोन वर्षं ग्रंथालयातलं काम आटोपलं की मी एक जुनं ग्रीक नाटक आपल्या भाषेत आणते आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीचं प्रहसन. कुणी लिहिलं ते ठाऊक नाही, मधली पानंही गहाळ आहेत. एक तेलवाला पुढाऱ्यांची भाषणं रांजणात भरून विकायला बसतो आणि गिऱ्हाईकानं झाकण काढलं की आतून नुसता वारा सुटतो, तोही आवाजासकट. रांजण चालतात, बोलतात, नाचतात. आमच्या वाचकमंडळाला ते मे महिन्यात छोट्या सभागृहात करायचं आहे. पण थोरल्या ग्रंथपालबाईंचं म्हणणं असं की मेलेल्या माणसांच्या विनोदांना जिवंत माणसं कशाला हसतील. ही नाटकं भर उजेडात, अख्ख्या गावाला एकत्र बसवून व्हायची आणि मी ते एकटी दिव्याखाली बसून वाचते. मला हसूच येत नाही. आडातच नाही की माझाच पोहरा गळका, ते कळत नाही.

तुला मोठ्यानं वाचायचा व्यायाम सांगितला आहे ना? मग सोबत पाठवलेलं हे बाडच वाच. कुठे हसलीस त्या ओळीशी खूण कर. फोन तू घेत नाहीस म्हणून पत्रच पाठव.

भाऊजींना नमस्कार. लोभ आहेच, त्यात थोडी भर घाल.
तुझी,
भिंगरी

दि. १७ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ., आणि गुडघ्याला वेगळे. त्यावर औषध विचारू नकोस, मी दाताची डॉक्टर आहे.

तुझा डाव मला पहिल्याच पानावर कळला. नाटकाला माझी गरज म्हणे! तरी वाचलं. आरशासमोर नाही, स्वयंपाकघरात. आरशावर मी टॉवेल टाकून ठेवते. प, ब, म आले की माझी हवा ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून निसटते, त्यामुळे तुझे रांजण मला फारच जमले. तुझे भाऊजी कुठल्याशा इमारतीच्या लिफ्टच्या दुरुस्तीचा तक्ता घेऊन समोर बसले होते. पहिलं झाकण उघडताच त्यांनी तक्ता बाजूला ठेवला आणि म्हणाले की हा पुढारी म्हणजे आमच्या सोसायटीचा अध्यक्षच, ह्याला अडीच हजार वर्षांपूर्वी कुणी पाहिला.

पण त्यांना सर्वांत आवडली ती तळटीपबाई. काय पात्र लिहिलंय गं! पुढारी धोतर सावरत पळतो आहे आणि ही मध्येच येऊन सांगते की त्या काळी तेलाचे रांजण दोन कानांचे असत. तेलवाला मार खातो आहे आणि ही म्हणते की येथे दोन ओळी गहाळ आहेत. मी तिला आपल्या जुन्या घराच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंचा नाकातला आवाज दिला. ह्यांच्या सदऱ्यावर चहा सांडला. मग ते विचारू लागले की हिला कुणी हाकलत कसं नाही.

बरंच पुढे गेल्यावर ती म्हणाली की अधिक माहितीसाठी मागील टीप पाहावी. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अगं, तू टिपा संवादांच्या खालोखाल, त्याच अक्षरात टाइप केल्या आहेस! तेलवाला, पुढारी, तळटीप, सगळे एकाच रांगेत. मला वाटलं तीही नाटकातलीच.

मी हसले का? नाही. खूण कुठेच नाही, शोधू नकोस. चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडल्यापासून मी हसले की अर्धा चेहरा हसतो आणि अर्धा जबरदस्तीनं आणलेल्या पाहुण्यासारखा नुसता बघत बसतो. डॉक्टर म्हणतात हळूहळू सुधारेल, पूर्ण सुधारेल असं कुणी म्हणत नाही. दवाखान्यात बरं आहे, तिथे मास्क असतो, आणि पेशंट स्वतःच्याच तोंडाच्या काळजीत असतो. आता मी येताजाताही तो काढत नाही. जेवते भिंतीकडे तोंड करून. ह्यांनी एकदा का म्हणून विचारलं, मग विचारलं नाही.

तुझं नाटक चांगलं आहे. एवढं समजावत बसू नकोस.
आशीर्वाद पुरवून वापर,
ताई

दि. २५ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न.

दोन दिवस मी तुझ्यावर फुगून होते. त्या टिपांसाठी मी किती ग्रंथ उपसले आणि तू त्यांना नाकातला आवाज दिलास! तिसऱ्या दिवशी पुस्तकांच्या गाडीला धक्का देता देता माझी मीच थांबले. अगं, त्या जुन्या प्रहसनांत असा माणूस असायचाच! नायकाचं बरं चाललेलं असतं, तेवढ्यात कुणी शहाणपणा पाजळायला टपकतो. कधी ज्योतिषी, कधी कवी, कधी कायदेपंडित. आणि नायक त्याला बदडून बाहेर काढतो. मला हे पाठ होतं, त्यावर मी एक टीपही दिली आहे. फक्त ती टपकणारी बाई मीच आहे हे तेवढं सुचलं नव्हतं.

आता टिपा पानाच्या तळाला नाहीत, रंगमंचावर आहेत. तळटीपबाई हातात जाडजूड पुस्तक घेऊन येते, प्रत्येक विनोद समजावते आणि शेवटी रांजण तिला उचलून बाहेर नेतात. परवा मंडळात वाचलं. थोरल्या ग्रंथपालबाई तोंडाला पदर लावून उठल्या आणि बाहेर जाऊन हसून आल्या. परत येऊन म्हणाल्या की कार्यक्रम ठरला.

पण बाई कोण होणार? सगळ्यांनी करून पाहिलं. कुणालाच ते नाक जमत नाही. ताई, तू कर. नाही म्हणण्याआधी ऐक. ह्या नाटकांत सगळेच मुखवटे घालत. मोठ्ठी तोंडं, वाकडी नाकं, सुजलेले गाल. चेहरा कुणाचाच दिसत नसे. तुझाही दिसणार नाही. पेशंटला तू जबडा उघडायला लावतेस तसं प्रेक्षकांना लाव, एवढंच.

भाऊजींना सांग, रांजण व्हायला पाचच माणसं मिळाली आहेत, जुन्या काळी अशा मेळ्यात चोवीस असत. पुष्कळ वारा सुटणार नाही, माफी असावी.
मायेत काटकसर करू नकोस,
भिंगरी

दि. १२ एप्रिल

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तू लहानपणापासून अशीच. आधी पाय ठेवण्यापुरती जागा मागायची आणि मग अख्खा पलंग घ्यायचा.

अटी लिहून घे. मी मागच्या दारानं येणार, मागच्याच दारानं जाणार. मुखवटा घरून घालून येणार. प्रयोगानंतर कुणाशी ओळखी नाहीत, चहा नाही, फोटो तर नाहीच. आणि तुझ्या त्या मंडळाला माझं काय झालंय ते सांगायचं नाही.

मुखवटा मीच केला. दातांच्या ठशांत ओततो ते प्लास्टर दवाखान्यात होतंच, त्याचा साचा केला, वर कागदाचे थर दिले. आधी तोंड सरळ केलं, पण ती बाई नुसती चांगली दिसायला लागली. मग डावा कोपरा खाली ओढला आणि उजवा कानापर्यंत नेला. ती लगेच बोलेल असं वाटलं. हे म्हणाले की हिला ओळखतो मी. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

पाठांतर चालू आहे. “प्रस्तुत प्रसंगी” हे दोन शब्द तू मुद्दाम घातलेस ना, चेटकीण? पाच वेळा फुटले, सहाव्यांदा आले.
रागावलेली पण तुझीच,
ताई

दि. २० मे

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

सुखरूप पोचलो. तू दाराशी आलीस तेव्हा मी रिक्षात बसले होते. हात केला नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. मुखवटा मांडीवर होता आणि मास्क सापडत नव्हता.

तिथे जे घडलं ते तू पाहिलंस. त्या पुढच्या रांगेतल्या आजोबांची कवळी सुटली तेही पाहिलंस. (पत्ता त्यांना माझ्या दवाखान्याचा दे, फिटिंग वाईट आहे.) तू पाहिलं नाहीस ते सांगते. रांजणांनी मला उचललं आणि मी हवेतल्या हवेत “येथे एक ओळ गहाळ आहे” असं ओरडले, तेव्हा सभागृह फुटलं, आणि मुखवट्याच्या आत मीही हसले. चांगली पोट धरून. डावीकडून हवा निसटली, डोळ्याला पाणी आलं, कशाचंच काही वाटलं नाही. आत कागदाचा आणि खळीचा वास होता, आणि माझाच आवाज माझ्या कानात भरून राहिला होता.

बाहेर सगळे एकमेकांकडे बघून हसत होते. शेजारी शेजाऱ्याच्या खांद्यावर हात मारत होता. आणि त्याच हशात मी आत एकटी. तुझ्या पहिल्या पत्राचं पहिलं वाक्य आठवलं. टेबलाखाली ह्या वेळी मी होते.

बाकी विशेष नाही. आरशावरचा टॉवेल धुवायला टाकला आहे.
नाकाला जपून,
ताई

ता. क. – तुझ्या ताईनं पत्र लिहून आठवड्यानं पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून ही चोरटी ओळ. टॉवेल वाळून चार दिवस झाले, कपाटातच आहे. आणि काल जेवताना तिनं खुर्ची भिंतीकडून माझ्याकडे फिरवली होती. मी वरण वाढलं. – भाऊजी

दि. ३१ मे

ती. ताईस,
शि. सा. न.

पत्र तीनदा वाचलं. त्यातली एक ओळ तू लिहिलेली नाहीस. कुठली, ते सांगणार नाही.

आजोबांना पत्ता दिला. ते विचारत होते की ती तळटीपबाई दवाखान्यातही तशीच बोलते का.

लोकांनी पुन्हा प्रयोग मागितला आहे. जूनच्या शेवटच्या रविवारी, ह्या वेळी मोठं सभागृह. म्हणून हे लिहिते. ह्या जुन्या नाटकांत मध्येच एक जागा येते. गोष्ट थांबते आणि सगळा मेळा प्रेक्षकांकडे वळून सरळ त्यांच्याशी बोलतो. नाटककाराच्या मनातलं सांगतो, त्यांची खोडी काढतो, हसला नाहीत तर बघा अशी धमकी देतो. माझ्या मते आज ही नाटकं वाचावीशी वाटत असतील तर ती ह्या जागेमुळे. इतक्या शतकांच्या पलीकडून कुणीतरी वळून आपल्याकडे बघतं. आपल्या प्रतीत नेमकी तीच पानं गहाळ आहेत. मेमध्ये मी तिथे पडदा पाडून वेळ मारून नेली. चार माणसांसमोर उभं राहायचं मी टाळतेच, तुला माहीत आहे. आजवर मी पानाच्या तळाशीच राहत आले.

ह्या वेळी ती जागा मी भरणार आहे. लिहिलंही आहे, थोडंच. मी स्वतः पुढे येऊन म्हणणार, माझ्या तोंडानं. त्यात टेबलाखालची गोष्ट आहे, बाबांचा साबण आहे.

फक्त माझ्या शेजारी तू हवीस, ताई. मुखवटा हातात धरून, तोंडावर नाही. बोलायचं काही नाही. हसू आलं तर हसायचं, जसं येईल तसं. तू नाही म्हणशील, भाऊजींकडून पाकीट हिसकावून घेऊन मोठ्या अक्षरांत नाही म्हणशील, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी मागते. वाटून घे.

तुझी,
भिंगरी