भाऊजी आणि त्यांचा बर्फ

१० फेब्रुवारी १९९७

आले एकदाचे! आमचे धाकटे दीर, धर्मराज भाऊजी. वर्षानं. बॅगेत गोधडीपेक्षा जाड कोट — बदनापुरात घालणार कुठं? नोकरी काय, तर उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रात तेलाच्या विहिरी आहेत. तिकडं बर्फाचे डोंगर वाहत येतात. ते विहिरीवर आदळू नयेत म्हणून यांचं जहाज त्यांना दोर लावून दुसरीकडं ओढून नेतं. बैलाला दावं लावावं तसं! आमचे हे आ वासून ऐकत बसले. मला हसू आवरेना.

१३ फेब्रुवारी

भाऊजींनी घर ताब्यात घेतलंय. जिन्यात कठड्याला धरा. बटनाला ओला हात लावू नका. माळ्यावर चढायचं तर खाली कुणीतरी उभं पाहिजे. मी लग्न होऊन आले तवापासून त्या माळ्यावर एकटी चढते — मेले न्हाई अजून.

जेवताना सगळ्यांना विचारतात, "आज काय घडता घडता राह्यलं?" जहाजावर म्हणे रोज विचारतात. पाय घसरला पण पडला न्हाई, दोर तुटला पण कुणाला लागला न्हाई — सगळं सांगायचं. "वहिनी, मोठा अपघात एकदम येत न्हाई. आधी बारका होऊन दिसून जातो."

मी म्हणलं, "आज वरणात मीठ पडता पडता राह्यलं." आमची लेक नंदा खुदकन हसली. भाऊजी न्हाई हसले.

१६ फेब्रुवारी

यांच्या कडूबा मामांनी नंदाला स्थळ आणलं. अंबडचे. किराणा दुकान, पक्कं घर, मुलगा धाकटा. यांनी लगेच मान डोलावली. बारावीची परीक्षा तोंडावर अन् पोरीला पुढं शिकायचंय. पण हे म्हणाले, "स्थळ काय थांबून राह्यतं का?"

मला कोण विचारतंय.

१८ फेब्रुवारी

भाऊजींचा नवा किस्सा. जहाजावर कुणीबी हात वर केला की काम थांबतं. कप्तानाचंबी. एकदा डोंगराला दोर लावून झाला, आता ओढणार, तर स्वयंपाक्यानं हात वर केला. त्याला काय कळत होतं? काही न्हाई. नुसतं बरं वाटेना. सगळे थांबले. जरा वेळानं तो डोंगर जागच्या जागी उलटा झाला. ओढत असते तर दोरासंगं जहाजबी पालथं झालं असतं.

"अन् नसता उलटला तर? काय केलं असतं त्या स्वयंपाक्याला?"

"काही न्हाई. चहा पाजला असता. आधी थांबायचं, मंग विचारायचं. हात वर करणाऱ्यावर ओरडायचं न्हाई."

वा! जहाज आहे का बालवाडी? या घरात बाईनं हात वर करावा अन् तिला कुणी चहा द्यावा — तसं झालं तर भाऊजींचा तो कोट घालून मी भर बाजारात फिरीन.

२३ फेब्रुवारी

अंबडला घर पाहून आलो. एसटीनं कंबर मोडली. घर चांगलंय. नवी फरशी, गॅस. पुरुष बाहेर बसले, मी आत गेले. भिंतीवर हार घातलेला एका बाईचा फोटो. थोरल्या मुलाची पहिली बायको. सासू म्हणाली, "स्टोव्ह भडकला. तिचं नशीब."

थोरल्याची दुसरी बायको, चतुरा, चहा करत होती. पदर सरकला तर कोपरापर्यंत हात भाजलेला. ताजा. "दूध उतू गेल्तं," ती म्हणाली. मी विचारलंबी नव्हतं.

निघताना मला कुंकू लावता लावता हळूच म्हणाली, "पोरगी साजरी हाये तुमची. शिकू द्या की अजून."

तिला धाकटी जाऊ नको असंल. असतात अशा बाया.

२४ फेब्रुवारी

"वहिनी, काय घडता घडता राह्यलं?"

"काही न्हाई," म्हणलं. अन् भाकरी वाढायला उठले.

मंग यांना सांगितलं. तो फोटो, तो हात. हे म्हणाले, "स्टोव्ह कुणाच्याबी घरी भडकतो. एवढ्यावरून पाव्हण्यांना न्हाई कसं म्हणायचं? तू गप राह्य."

खरंय. माझ्याकडं काय पुरावा आहे? राग भाऊजींचाच आला. सुखानं नांदत होते मी. त्यांच्या त्या प्रश्नापायी आता भाजलेला हात नुसता भाजलेला हात राह्यला न्हाई.

१ मार्च

उद्या सुपारी फोडायची. भाऊजी मंडपाच्या वायरी तपासून राह्यलेत. त्यांना तेवढंच दिसतं.

२ मार्च

सुपारी फुटता फुटता राह्यली. कडूबा मामांनी बत्ता उचलला अन् दारात बायकांमध्ये बसलेल्या माझा हात वर गेला. हे ओरडणार तेवढ्यात भाऊजी उठले. "आधी थांबा. मंग विचारा."

मंग मी म्हणलं, पोरगी शिकणार आहे. चतुराचं नाव काढलं न्हाई.

पाव्हणे गेले. हे चपला घालून बाहेर निघून गेले. नंदानं चहा आणून दिला.